अब्बांचा ल

सगळं जागच्या जागी होतं. त्या शेवटच्या दिवशी नझीर होडेकर मिरकरवाड्याच्या जेटीवरून चालत आले, हातात बांगड्यांची पिशवी, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, आणि राजिवड्यातल्या आपल्या घराची पायरी चढता चढता लेकीला म्हणाले, "आज बांगडा माजलाय नुसता. दुसरं नावालाही नाय." सईदा पडवीत खुर्चीच्या हातावर कॉलेजच्या तासाची टिपणं ठेवून चहा पीत होती. तिने पाय जवळ घेऊन त्यांना वाट दिली. ते तिच्या डाव्या बाजूला बसले, म्हणजे त्यांचा उजवा कान तिच्याकडे येईल असे. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे. तो इंजिनाने खाल्ला, असं ते सांगत. जहाजाच्या इंजिनखोलीत उभी हयात गेलेल्या माणसाच्या तोंडी ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं, आणि घरातल्या प्रत्येकाला त्यांच्या उजवीकडून बोलायची इतकी सवय झाली होती की सईदा वर्गातसुद्धा नकळत मुलांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राही. "आज काय शिकवणार?" त्यांनी विचारलं. "आफ्रिका," ती म्हणाली. "आफ्रिका काय शिकवायची असते? राहिलं की येते." त्यांचा जन्म मोंबासाचा, त्यामुळे हा विनोद करायचा त्यांना हक्क होता आणि तो ते दर सत्रात एकदा बजावत. "कादंबऱ्या, अब्बा. तिकडचे बाप आणि त्यांचे मुलगे." "आणि मुली?" "मुली मागे चुलीकडे असतात. त्यांच्यावर पुढच्या वर्षी वेगळा पेपर आहे." ते हसले, खोकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत बसले. मग सहज म्हणावं तसं ती धाकट्या भावाबद्दल म्हणाली, "अद्नानचा मेसेज आलाय. या सुट्टीतही जमत नाही म्हणतो." हात टोपीवर थांबला. ती उठून बांगडे साफ करायला आत गेली. विळीवर मासा धरलेला असताना तिला त्यांची चाहूल लागली. ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे होते, चौकटीला हात लावून, तिच्याकडे न बघता. "पोले," ते म्हणाले. "पीठ भिजवलेलं नाही, अब्बा," ती म्हणाली. "उद्या करते." ते जरा वेळ तसेच उभे राहिले. "असूं दे," म्हणाले आणि वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी नमाजहून आले, पडवीतल्या खुर्चीत बसले आणि ती चहा घेऊन आली तेव्हा श्वास उरला नव्हता.

अब्बांच्या बोलण्यात ळ नव्हता. राजिवड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो तसाही मुश्किलीनेच सापडतो, पण अब्बांचा तर मोंबासाच्या बंदरात कुठेतरी पडून राहिलेला, परत आणायचा विसरलेला. ते केळ्याला केला म्हणत, नारळाला नारल, डोळ्याला डोला. लहानपणी अद्नान आणि ती त्यांच्या मागे बसून नक्कल करत, आणि अम्मी पदर तोंडाशी धरून हसे. म्हणून ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन पोले म्हणाले की घराला ते पोळे ऐकू येई. तांदळाचे, मेथी घालून आंबवलेले, एका बाजूने भाजायचे आणि दुसऱ्या बाजूला जाळी पडू द्यायची, ते पोळे. अम्मी काही न बोलता तवा चढवायची. पीठ नसेल तर पुढच्या दिवसासाठी तांदूळ भिजत घालायची. या माणसाला भलत्या वेळी भूक लागते, एवढंच तिने त्यातून काढलं होतं, आणि बायका नवऱ्याच्या चमत्कारिकपणाशी जशा एकदा ठरवून जमवून घेतात तसं तिने त्याच्याशी जमवून घेतलं होतं. दुसराही एक पोले घरात होता, जोडीने यायचा. भरतीला जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना अब्बा पुढे होऊन हात मागे करत आणि म्हणत, पोले पोले. त्याचा अर्थ हळूहळू. तो त्यांनी मुलांना सांगितलेला होता. पहिल्या पोलेचा अर्थ कुणी विचारला नाही, कारण तो समोर ताटात पडलेला असे.

ती मुंबईहून, मुंब्र्याच्या सासरच्या घरातून, लग्न मोडून दोन बॅगा घेऊन आली तेव्हा अब्बा स्टेशनवर आले होते. रिक्षात ते दोन्ही बॅगा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले होते, जणू त्या रस्त्यात पडतील. घरी अम्मी तिच्या गळ्यात पडून रडली आणि अब्बा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, पोले. सईदाला तो क्षण अजून जशाच्या तसा आठवत होता, त्यातल्या रॉकेलच्या वासासकट. माझं सगळं उधळलंय आणि या माणसाला पोळे सुचतायत, असं तिच्या मनात आलं होतं. पण राग आला नव्हता. उलट त्या वेडेपणाने तिला बरं वाटलं होतं, की निदान या घरातलं काही बदललेलं नाही. अम्मीने केलेले पोळे तिने नारळाच्या दुधात बुडवून पोटभर खाल्ले होते. अब्बांनी खाल्ले की नाही ते तिला आठवत नव्हतं. आता ती ते आठवण्याचा फार प्रयत्न करत होती.

अद्नान आला तो दफन झाल्यावर. दोह्याहून मुंबई, मुंबईहून भाड्याच्या गाडीने हातखंब्याला, तिथे टायर बसला, आणि संध्याकाळी तो दारात उभा राहिला तेव्हा अंगणातल्या खुर्च्या उचलायला लागलेले लोक हातातल्या खुर्च्यांसकट थांबले. गेली कित्येक वर्षं बापलेक बोलत नव्हते हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं. अम्मीच्या मयतीला दोघे दोन टोकांना उभे होते. कुणीतरी म्हणालं, चल, कबरीवर जाऊन ये. अद्नान म्हणाला, थकलोय. दुसऱ्या दिवशीही तो थकलेलाच होता. तिसऱ्या दिवशीच्या फातिह्याला त्याने आल्यागेल्याला सरबत दिलं, मौलवींच्या चपला सरळ केल्या, आणि बाकीचे पुरुष कब्रस्तानाकडे निघाले तेव्हा तो मागच्या परड्यात जाऊन पाण्याची मोटर दुरुस्त करू लागला. ती बिघडलेली नव्हती. "उद्या निघतोस," सईदा त्याच्याजवळ जाऊन म्हणाली. "मग केव्हा जाणार?" "मी तुझ्यासाठी आलोय, आपा," तो पान्यावरून नजर न काढता म्हणाला. "त्याच्यासाठी नाय आलो. तू मला सांगू नको." त्याच्या कपाळावर अब्बांसारखीच शीर उभी राहिली होती. हा आता गेला की परत यायला या घरात त्याला काही कारण उरणार नाही, आणि न बघितलेली कबर तो जन्मभर दोह्यात एसीखाली अंगावर घेऊन झोपेल, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण त्याला काय सांगायचं ते तिच्याकडे नव्हतं. अब्बांच्या बाजूने बोलायला तिच्याकडे होतं काय? त्यांनी बांगडे आणले होते, बॅगा मांडीवर घेतल्या होत्या.

आणि अद्नानकडे जेटी होती. तो अकरा वर्षांचा असताना अब्बा रजेवर आले होते आणि मुलगा पाण्याला भितो हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी त्याला मिरकरवाड्याला नेलं आणि खलाशांच्या देखत पाण्यात ढकललं. तो बुडाला नाही, हातपाय मारून वर आला, पायरीला धरून राहिला आणि काही केल्या पुन्हा उतरेना. अब्बांनी त्याला वर ओढून थोबाडीत मारली. बायल्या, म्हणाले. कुणीतरी हसलं. सईदा जाळ्यांच्या ढिगाआड उभी होती. घरी आल्यावर अद्नान ओल्या कपड्यांनी कणग्यामागे जाऊन बसला, अब्बा बराच वेळ पडवीत येरझारा घालत राहिले आणि मग दाराशी आले. पोले. अम्मीने तवा चढवला. पुढे मोठेपणी अद्नान एका फेरीत जहाजाची नोकरी सोडून आला, तेव्हाही अब्बांनी बायल्या हाच शब्द उच्चारला, यावेळी त्याच्या सासरच्या माणसांसमोर, आणि अद्नानने बोलणं टाकलं. हे सगळं सईदाला पाठ होतं. आश्चर्य एवढंच की दर वर्षी ती पन्नास मुलांना खडू हातात घेऊन आफ्रिकेतल्या बापांबद्दल सांगत आली होती. गोऱ्या अंमलदाराने त्यांची जमीन घेतली, नाव बदललं, केस पिकलेल्या माणसाला पोऱ्या म्हणून हाक मारली. बाहेर ज्याची मान खाली घातली जाते तो घरात हात उगारतो, आणि आपला मुलगा मऊ निघेल या भीतीने त्याला झोप लागत नाही. हे वाक्य ती लिहून द्यायची. या वर्षी वेदिका नावाच्या एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, मग अशा बापाला माफ करायचं का?" आणि ती म्हणाली होती, "साहित्यात माफ करणं हा प्रश्न नसतो." उत्तर तिला आवडलं होतं. स्टाफरूममध्ये जाईपर्यंत ती त्याच्यावर खूश होती.

मोंबासाचा फोन आला तो फातिहा आटोपून भांडी घासायला पडली तेव्हा. हलीमा फूफी, अब्बांची मोठी बहीण, तिथेच लग्न होऊन तिथेच राहिलेली. व्हिडिओवर तिचं कपाळ आणि चष्म्याची एक काच एवढंच दिसत होतं, आणि मागे कुठेतरी कोंबडा ओरडत होता. "पोले, बेटी," फूफी म्हणाली. "पोले सना." "होय फूफी," सईदा म्हणाली. "हळूहळू सावरतोय आम्ही." "हलू काय?" "तुम्ही म्हणालात ना, हळूहळू." "मी कशाला हलू म्हणू? भाऊ गेला माजा, मी हलू म्हणू? दोनदा बोललं की हलू गो. एकदा बोललं की ते वेगलं." कपाळ सरकलं, एक डोळा दिसला, सुरकुतलेला, अब्बांचाच. "कुणाचं माणूस गेलं, कुणाला लागलं, कुणी पाण्याचा हंडा आणून दमून बसलं, की बोलायचं, पोले. फार लागलं तर पोले सना." सईदा परड्याच्या पायरीवर बसली. "म्हणजे सॉरी," ती म्हणाली. "सॉरी कशाला? सॉरी साहेब बोलतो, पायावर पाय पडला म्हणजे. हे आपण काय केलं नसलं तरी बोलतात. केलं असलं तरी बोलतात. तुला लागलंय, मला दिसलं, एवढंच. तुज्या बापाने नाय शिकवलं? त्याला तर मामा झवाडीने शिकवलेलं." ही मामा झवाडी कोण, ते सईदाला ठाऊक नव्हतं. शेजारची, कपडे धुणारी, तिकडचीच बाई, तिकडे आईला मामा म्हणतात, फूफी म्हणाली. "बाबांची टोपी साहेबाने पाण्यात टाकली, त्या दिवशीची गोष्ट."

टोपीची गोष्ट सईदाला माहीत होती. ती घरातली आवडती गोष्ट होती. तिचे आजोबा मोंबासाच्या बंदरात टगबोटीवर सारंग, म्हणजे सगळ्या खलाशांचे मुकादम. एकदा बंदराच्या इंग्रज साहेबाने गंमत म्हणून त्यांची टोपी उचलून पाण्यात फेकली, आणि आजोबांनी कपड्यांसकट सूर मारला आणि वर आले ते टोपी डोक्यावर घालूनच. साहेबाने टाळ्या वाजवल्या. अब्बा हे सांगताना स्वतः टाळ्या वाजवत आणि मुलं हसून लोळत. ईदला पाहुणे आले की मुलंच फर्माईश करत, अब्बा, टोपी सांगा. "टाल्या वाजवल्या, ते खरं," फूफी म्हणाली. "पण गंमत कसली? बाबा टोपी काढायला विसरले त्याच्यापुढे, म्हणून. आख्ख्या बंदरासमोर. आणि नझीर धक्क्यावर उभा. डबा घेऊन गेलेला. बाबा ओलेचे ओले घरी आले नि त्याला मारलं. काय केलं होतं पोराने? बघितलं होतं, दुसरं काय. कानातून रक्त आलं. आईची हिंमत होईना जवल जायची. मामा झवाडी आली, त्याला बाहेर नेलं, ओला फडका लावून बसली नि आपली बोलत ऱ्हायली, पोले, पोले सना. तो कान गेला ना त्याचा. डावा." कोंबडा पुन्हा ओरडला. फूफीने त्याला स्वाहिलीत काहीतरी शिवी दिली आणि म्हणाली, "ऐकतेस ना गो?"

सईदा ऐकत होती. फोन ठेवल्यावरही ती पायरीवरच राहिली आणि तिच्या डोक्यातून सगळी ताटं एकामागून एक परत जाऊ लागली. जेटीच्या दिवसाचं, ती मुंब्र्याहून आली त्या दिवसाचं, अम्मीला पहिल्यांदा गाठ लागली त्या दिवसाचं. तेव्हा तर अम्मी स्वतःच डॉक्टरकडून येऊन, बुरखा न काढता, पीठ ढवळायला लागली होती, आणि अब्बा दारात उभे, पुन्हा म्हणाले होते, पोले, जरा मोठ्याने, आणि अम्मी म्हणाली होती, करतेय ना, दम आहे की नाही. मग ते कधी बोलले का नाहीत, की हे नव्हे? एरवी ताट समोर आलं की ते मान खाली घालून बसत आणि खात. कदाचित त्यांना ते उत्तर वाटत असेल. आपण म्हणालो आणि तिने गरम काहीतरी करून वाढलं, याहून दुसरं काय उत्तर असतं. किंवा कदाचित पहिल्यांदा घोटाळा झाला तेव्हा लाज वाटली असेल, आणि पुढे त्या लाजेचाच त्यांना आडोसा झाला असेल. दार बंद न करता दाराआड राहता येईल असा. ते दारालाच म्हणत, हेही खरं. ज्याला लागलं त्याच्या तोंडावर त्यांना कधीच म्हणता आलं नाही. साहेबाच्या देखत बुडी मारलेल्या बापाचा तो मुलगा होता. तिने तांदळाचा डबा काढला, मेथी घातली आणि भिजत टाकलं. हात आपोआप अम्मीसारखे चालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अद्नान बॅग भरून स्वयंपाकघरात आला तेव्हा ती तव्यापाशी होती. "पोळे?" तो म्हणाला. "म्हातारा गेला तरी पोळे." तिने त्याला पाटावर बसवलं आणि तवा सांभाळत सगळं सांगितलं, फूफीचं कपाळ आणि कोंबड्यासकट. कानाचं सांगितलं तेव्हा त्याचा स्वतःचा हात गालाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. तो म्हणाला, "म्हणजे माफी नाय ती." "नाही," ती म्हणाली. "माफी नाही." "मग मी काय करू तिचं?" तिला वेदिका आठवली, आणि आपलं ते उत्तर किती गुळगुळीत होतं ते आठवलं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना दिसलं होतं तुला लागल्याचं, एवढंच कळलं, ते सांगितलं." अद्नानने पोळ्याचा तुकडा मोडला, दुधात बुडवला, पुन्हा वर काढला. "त्या दिवशी मी खाल्ले नव्हते." "माहीत आहे. तुझ्या वाटणीचे मी खाल्ले." "हावरट," तो म्हणाला, आणि तिच्या लक्षात आलं की तो आला तेव्हापासून पहिल्यांदाच तो तिच्या धाकट्या भावासारखा बोलला होता. त्याने दोन खाल्ले आणि तिसरा मागितला.

बाबूची रिक्षा दाराशी आली तेव्हा तीही बरोबर बसली. स्टेशनपर्यंत येते म्हणाली. मोठी बॅग अद्नानने मांडीवर घेतली होती. मागे जागा होती तरी. खाडीच्या कडेने वाट जाते तिथे, कब्रस्तानाच्या चिऱ्याच्या बुटक्या गडग्याशी, ती म्हणाली, "बाबू, जरा थांबव." "आपा, ट्रेन," अद्नान म्हणाला. "कोकण रेल्वे हाय ती, अद्नानशेठ," बाबू पुढूनच म्हणाला. "ती वेळेवर कदी आली? तिचीच वाट बघत बसाल." त्याने इंजिन बंद केलं. अद्नान बसून राहिला. ती उतरली आणि गडग्यापर्यंत गेली. त्यांच्याकडे बायका आत जात नाहीत. अम्मीलाही ती इथूनच भेटत आली होती. नवी कबर कोपऱ्यात होती, लाल माती अजून ओलसर, वर पसरलेला सब्जाचा पाला मलूल. मागे बॅग सीटवर ठेवल्याचा आवाज झाला. अद्नान तिच्या बाजूने पुढे गेला, फाटकाशी चपला काढल्या, आत शिरला आणि कबरीपासून जरा लांब, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखा उभा राहिला. तो काही म्हणाला की नाही ते तिला ऐकू आलं नाही.

तिला फक्त एवढंच सुचत होतं की अब्बांना उजव्या कुशीवर ठेवलं असेल, तोंड पश्चिमेला, जसं सगळ्यांनाच ठेवतात. म्हणजे चांगला कान खाली मातीत, आणि वर राहिला तो डावा. मनात म्हणून भागणार नव्हतं. आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला, तिच्याकडे न बघणाऱ्या, चौकटीला हात लावलेल्या माणसाला, आख्ख्या घरात कुणी उलटून पोले म्हटलेलं नव्हतं, तिनेही नाही. त्या डबा घेऊन धक्क्यावर उभ्या राहिलेल्या पोराला मामा झवाडीनंतर कुणीच नाही. तिने दोन्ही हात गडग्यावर टेकले. कोपऱ्यावर मासे विकणारी बाई टोपली खाली ठेवून बघू लागली होती. बाबूनेही मान बाहेर काढली होती.

"पोले, अब्बा," ती म्हणाली. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. अद्नानने वळून पाहिलं. मग, या घराने इतकी वर्षं चुकीचं ऐकलं तसं त्यांनी ऐकू नये म्हणून, ती आणखी मोठ्याने म्हणाली, "ळ नाही, अब्बा. ल. तुमचा ल."